आजोबांच्या नावाचं मीटर

इंदूरच्या मराठी घरांचा इतिहास म्हटलं की आपण होळकर, राजवाडा आणि सरदारांच्या वाड्यांपासून सुरुवात करतो. मी पडलो बँकेतला माणूस, कागद बघायची सवय. मला तो इतिहास घरातल्या बिलांमध्येही दिसतो.

जुनी इंदूर, रामबाग, नारायण बाग या भागांतल्या वाड्यांत पाच-सहा बिऱ्हाडं एकत्र नांदायची. मीटर एकच, मालकाच्या नावाचं. भाडेकरूने दिवे मोजून भाड्याबरोबर पैसे द्यायचे. पाणी विहिरीचं, नाहीतर सामाईक नळाचं. त्यामुळे घर बदलणं म्हणजे हातगाडीवर ट्रंका, पिंप आणि वळकट्या चढवणं, एवढंच. अर्ज लागायचा तो रेशन कार्डाचा. जुन्या दुकानातून नाव काढून नव्या दुकानात चढवलं नाही, तर साखर आणि घासलेट बंद!

पाण्याची कथा मोठी आहे. होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेला यशवंत सागर वाढत्या शहराला पुरेना. 1970 साली ‘नर्मदा आणा’ म्हणून इंदूरकर रस्त्यावर उतरले. 1978 साली मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटर अंतर कापून आणि विंध्याचा चढ चढून, नर्मदामाई शहरात आली. पुढच्या काही वर्षांत आपली कितीतरी मंडळी वाडे सोडून सुदामा नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगर अशा वसाहतींत गेली. तिथे प्रत्येक घराला स्वतःचा नळ, स्वतःचं मीटर. ज्यांनी जन्मभर मालकाला दिव्यांचे पैसे मोजले, त्यांच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं लाईटबिल आलं. त्याचं अप्रूप आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही.

नोकरीतल्या बदल्यांची तऱ्हा निराळी. गॅसची टंकी आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, अनामत परत घ्यायची आणि टर्मिनेशन व्हाउचर सोन्यासारखं जपायचं. नव्या गावी ते दाखवून, तिथे चालू दराने अनामत भरायची. तोवर स्टोव्हची फरफर. टेलिफोन तर वर्षानुवर्षं नंबर लावून मिळायचा. एक्सचेंज बदललं की नंबरही बदलायचा, मग नातेवाइकांना पोस्टकार्डं टाकत बसा.

आता तिसरं स्थलांतर चालू आहे. मुलं पुण्याला, बंगलोरला, परदेशात. जुनी घरं विकली जातायत. आणि मीटर अजून आजोबांच्याच नावावर!

माझ्या परिचयातल्या एका घराचा सौदा यातच अडकला. तिघे भाऊ. नळाचं बिल दुसरा भरतोय, असं प्रत्येकाला वाटत होतं. थकबाकी निघाली, तेव्हा खरेदीदाराने शेवटचा हप्ता रोखला. पैशांचा प्रश्न महिन्याभरात मिटला, पण भावाभावांतली बोलाचाली बंद झाली ती झालीच.

म्हणून चार गोष्टी सांगतो. लाईटबिल हा घराच्या मालकीचा पुरावा नव्हे. पण तुमच्या नावाचं, दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं बिल बँकेत पत्त्यासाठी चालतं. गेलेल्या माणसाच्या नावाचं बिल तिथे काय कामाचं? दुसरं म्हणजे, आधीच्या मालकाची विजेची थकबाकी पुरवठ्याच्या नियमांत तरतूद असेल तर नव्या मालकाकडे मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली केरळच्या प्रकरणात सांगितलं. तेव्हा विकणाऱ्याने शेवटचं बिल चुकतं करावं आणि घेणाऱ्याने ते बघूनच सही करावी. तिसरं, घर सोडताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. बिलावरचा आयव्हीआरएस नंबर लिहून ठेवा. वीज कंपनीकडची अनामत विसरू नका. चौथं, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती हातात असताना, सगळे भाऊ-बहीण गावात असतानाच वीज, नळ आणि गॅस तिन्हींवरचं नाव बदलून घ्या. एकदा माणसं पांगली की एकेका सहीसाठी वर्ष जातं.

हे सगळं झालं की आजोबांच्या नावाचं एक जुनं बिल मात्र रद्दीत घालू नका. त्यावर वाड्याचा पत्ता आहे. वाडा पडला तरी आपण कुठे राहत होतो ते नातवंडांना दाखवायला तेवढा कागद पुरे.