छावणीचे नगर



सिटी सेंटरच्या या नव्या वस्तीत आज जमलेल्या आपणांपैकी कित्येकांची जुनी घरे 'लष्करा'त आहेत. या नावातच आपल्या नगराचा इतिहास सामावला आहे. इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले, पेठा वसल्या आणि छावणीचे नाव शहरास कायमचे मिळाले.

या नगराच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रसंग १८५८ चा. १ जून रोजी मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांची फौज राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे व रावसाहेब पेशवे यांच्यासमोर उभी ठाकली. बहुतेक शिपाई राणीच्या पक्षास मिळाले. महाराजांनी आग्र्याची वाट धरली. त्याच महिन्यात इंग्रजांशी लढताना राणीसाहेबांना वीरमरण आले. त्यांची समाधी फूलबागेजवळ आहे. पुढे किल्ला इंग्रजांच्या ताब्यात राहिला; १८८६ मध्ये तो परत मिळाला, तो झाशी देऊन.

दोन्ही बाजूंचे पुढारी मराठी बोलणारे होते, हे आपण सहसा उच्चारीत नाही. राणीविषयीचा अभिमान आणि संस्थानाच्या अन्नाची जाण, ही दोन्ही आपल्या घरांत एकत्र नांदली. इतिहास शिकविणाऱ्या शाळेने यांपैकी कोणतीही बाजू झाकू नये, असे माझे नम्र मत आहे.

याच नगरात हद्दू खाँ व हस्सू खाँ यांनी ख्यालगायकी घडविली. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही विद्या महाराष्ट्रात नेली. १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी येथे संगीत विद्यालय काढले. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून गौरविले, त्यामागे गुरुशिष्यांची ही दीर्घ साधना आहे.

राजकवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये येथेच निवर्तले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि मराठीचा राजाश्रय संपला. गाणे गुरूंनी पुढील पिढीस दिले, म्हणून टिकले. भाषेचेही तसेच आहे. नातवंडांशी घरी मराठीत बोलणे, हे आता आपणांवरच आहे.