आजीची आजी कोण?

आपल्या सोसायटीत नवे शेजारी आले की आमच्या दारावरची पाटी वाचून विचारतात, "आडनाव तर मराठी, मग तुम्ही ज्यू कसे?" आम्ही बेने इस्राएल, मूळचे कुलाबा जिल्ह्यातले. पेणकर, किहीमकर, रोहेकर ही आमची आडनावं गावांवरूनच पडली. पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी आमच्यात कथा आहे. पुढे त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं.

माझ्या लहानपणी ठाण्यात एका खोलीत आम्ही सात माणसं राहायचो. वडील गिरणीत फिटर. पैसा नव्हता, पण नातेवाईक रग्गड होते. मलिद्याला अलिबागची मावशी पोहे आणायची, नारळ चुलत आजोबांकडून यायचे. लग्नाला नेसायचा एकच शालू तीन घरांत फिरायचा.

थोरली आत्या इस्राएलला गेली, तेव्हा आजी म्हणाली, "आपल्या माणसांत चालली." पण 1962 साली आत्याचं पत्र आलं. तिच्या मुलीचं लग्न तिथल्या दुसऱ्या ज्यू समाजातल्या मुलाशी ठरलं होतं आणि तिथल्या धर्मगुरूंच्या नव्या नियमाप्रमाणे बेने इस्राएलांच्या घराण्याची चौकशी होणार होती. मुलीची आई, आजी, पणजी कोण, सगळं सांगायचं. वडील संतापले. "शेकडो वर्षं शनिवार पाळला, आता दाखला कुठून आणू?"

आजीला लिहिता येत नव्हतं. ती बोलत गेली आणि वडील माझ्या शाळेच्या वहीत लिहीत गेले. अमकी पेणची, तिची आई रोह्याची. अमकी बाळंतपणात गेली, तिची पोरं मावशीनं वाढवली. तीन पिढ्या झाल्या आणि आजी अडली. तिच्या आजीला सगळे 'धाकटी' म्हणायचे. खरं नाव काय, ते काही केल्या आठवेना. त्या रात्री आजी झोपली नाही. "माझ्या केसांना तेल लावायची रे ती," एवढंच म्हणत होती.

वडिलांनी कागदावर 'धाकटी' असंच लिहून पाठवलं. लग्न लांबलं. तिकडे आमच्या लोकांनी आंदोलन केलं आणि 1964 साली इस्राएल सरकारनं जाहीर केलं, की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. मग आतेबहिणीचं लग्न झालं. आजी तोवर गेली होती.

पुढे एकेक करून मावशी, काका, मामा सगळे तिकडे गेले. ती वही माझ्याकडे आहे. 'धाकटी'पुढे वडिलांनी नावासाठी जागा सोडली होती, ती अजून कोरीच आहे.

मंडळी, तुमच्या आजीच्या आजीचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? घरात कुणी सांगणारं असेल, तर आज रात्रीच विचारून ठेवा.