डॉक्टरच्या आधी पोचणारा माणूस

आजचा एपिसोड नांदेड-लातूरच्या बारावी सायन्सवाल्या पोरापोरींसाठी. आणि हो, त्यांच्या आईबापांसाठी पण.

आपल्याकडं बायोलॉजी घेतली की एकच प्रश्न असतो, "नीटला किती पडले?" मी गणितवाला, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आलो म्हणून सुटलो. पण माझा एक वर्गमित्र दोनदा रिपीट करून शेवटी सैन्यात नर्सिंग असिस्टंट झाला. गावातले लोक काय म्हणाले? "डॉक्टर व्हायला गेला अन् कंपाउंडर झाला." तेव्हापासून डोक्यात होतं, या कामाचा इतिहास एकदा सांगायचाच.

इंग्रजांच्या फौजेत सुरुवातीला जखमींना उचलायचं काम डोलीवाल्यांचं. पालखी वाहणारे भोईच ते. हातात बंदूक नाही, पण गोळ्या मात्र चुकत नाहीत. १९२० मध्ये हे वाहक आणि दवाखान्यातले मदतनीस एकत्र करून इंडियन हॉस्पिटल कोर तयार झाली. पुढं दुसऱ्या महायुद्धात, ३ एप्रिल १९४३ ला, डॉक्टर आणि हे कर्मचारी एकाच दलात आले. तेच आजचं आर्मी मेडिकल कोर. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, हे पण लक्षात घ्या.

आता चला कोरियात. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये भारताची ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स तिथं उतरली. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे सायरनवाली गाडी नव्हे बरं का, ती आख्खी तुकडी असते. प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. चिनी फौजा प्योंगयांगजवळ आल्या, माघारीचा हुकूम आला, पण सामान न्यायला गाड्याच नव्हत्या. ऑपरेशनचं सामान टाकून गेलो तर पुढं जखमींना वाचवणार कशानं? मग एक सोडून दिलेलं रेल्वे इंजिन सापडलं. जवानांनी रांग लावून बादल्या-बादल्यांनी त्यात पाणी भरलं, वाफ केली आणि पूल उडवला जायच्या जरा आधी गाडी पलीकडं काढली! मार्च १९५१ मध्ये याच तुकडीतले बाराजण अमेरिकन सैनिकांसोबत पॅराशूटनं मुनसानला उतरले.

रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनमध्ये गेले, त्यांचंही नाव आपल्याला शाळेपासून पाठ. पण बादल्या भरणाऱ्यांची नावं? तुम्हाला एक तरी माहीत आहे का?

हे फक्त लांबच्या युद्धाचं नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. किल्लारी. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, आणि दगडमातीची माळवदं अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. सैन्य मदतीला धावलं, जवानांनी ढिगारे उपसले. आता विचार करा, पाठीचा कणा मोडलेल्या माणसाला घाईनं ओढून काढलं तर तो जन्माचा अपंग होऊ शकतो. कसं उचलायचं, रक्त कसं थांबवायचं, आधी कोणाला न्यायचं, हे शिकलेला माणूस पहिल्या तासात लागतो. डॉक्टर बहुतेक वेळा त्याच्यानंतर भेटतो.

नर्सिंग असिस्टंट म्हणजे हाच माणूस. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी; एकूण ५० टक्के, प्रत्येक विषयात ४०. वर लेखी परीक्षा, धावणं आणि मेडिकल. नांदेडचं भरती कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, लातूरचं पुण्याला. नियम बदलतात, म्हणून अर्जाआधी सैन्याच्या अधिकृत साइटवर जाऊन बघाच.

नोकरी सोपी नाही. घर लांब, पोस्टिंग कुठंही. मित्राला मी विचारलं, "पस्तावा होतो का रे?" तो म्हणाला, "एमबीबीएसची सीट गेली याचं वाईट वाटतं. या कामाचं नाही."

म्हणून पुढच्या वेळी कोणी "पुढं काय करायलास?" विचारल्यावर एखादा पोरगा "नर्सिंग असिस्टंट" म्हणाला, तर हसू नका. तुमच्या घरात कोणी हे काम केलंय का? असेल तर त्यांच्याशी बोला, आठवणी रेकॉर्ड करून ठेवा, आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.