पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर : पोरांच्या नशेबद्दल प्रत्येक घरात हवी ही माहिती

लोणी देवकर : पुणे-सोलापूर महामार्ग आणि एमआयडीसीमुळे लोणी देवकर परिसरात पंक्चरची दुकानं, गॅरेज, रंगकाम हे रोजचंच. सोल्युशन, थिनर, पेट्रोल या तिथल्या कामाच्या वस्तू. पण याच वस्तूंचा वास ओढून नशाही केली जाते. ही नशा स्वस्त, सहज मिळणारी. दारूसारखी लगेच ओळखू येत नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही.

मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त

केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के, तर मोठ्यांत ०.५८ टक्के आढळलं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेली ही एकमेव नशा. मदतीची गरज असलेली मुलं जास्त असणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही आहे.

शरीरात काय होतं?

थिनर, सोल्युशनमध्ये टोल्युईनसारखी रसायनं असतात. ती फुप्फुसातून रक्तात आणि लगेच मेंदूत जातात. हृदयाचे ठोके बिघडून अगदी पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो. सवय लागली तर मेंदू, किडनी, लिव्हर खराब होतं.

ही लक्षणं बघा

- कपड्याला, तोंडाला रसायनाचा वास
- खिशात वास मारणारा रुमाल, चिंधी, रिकाम्या ट्यूब
- नाका-तोंडाभोवती पुरळ, लाल डोळे
- बोलताना अडखळणं, झोकांड्या, भूक मरणं, शाळेला दांडी

नशेत सापडला तर

मारू नका, ओरडू नका, पाठलाग करू नका. घाबरून पळाला तर तेवढ्यानेही हृदय बंद पडू शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत आणा. जवळ विडी-काडी पेटवू नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात पाणी घालू नका आणि १०८ ला फोन करा.

दुकानदारांनो, लक्ष द्या

बाटलीतल्या व्हाइटनर आणि थिनरच्या किरकोळ विक्रीवर केंद्राने २०१२ मध्येच बंदी घातली. सोल्युशनची ट्यूब लहान पोरगं वरचेवर मागायला लागलं, तर देऊ नये, घरच्यांच्या कानावर घालावं.

मदत कुठे?

नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६, मुलांसाठी १०९८. पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. गावात बोभाटा होईल म्हणून लपवू नका. हा आजार आहे, उपचाराने पोरगं बरं होऊ शकतं.