लपवलेल्या तारांची वंशावळ

दिवाणखान्यात पाच स्पीकर आणि एक सबवूफर हवा, पण तार कुणाला दिसता कामा नये, हा हट्ट आजचा वाटतो. कोल्हापुरात त्याची वंशावळ जुनी आहे.

१९१५ साली राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या पॅलेस थिएटरात, म्हणजे पुढच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, तारेचा प्रश्नच नव्हता. नटाचा गळा आणि वास्तूची रचना एवढ्याच भांडवलावर पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचे. ८ ऑगस्ट २०२४च्या आगीत ही वास्तू जळाली, तेव्हा कोल्हापूरकर हळहळले ते या आवाजासाठीही.

तार आली बोलपटाबरोबर. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा. पार्श्वगायन रुळायचे होते. गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोरच गात. मायक्रोफोन जवळ हवा, वादक हवेत, आणि चित्रात दोन्ही नकोत! शिवाय सारे मराठीत एकदा, हिंदीत एकदा. आवाज दामल्यांकडे, देखावे फत्तेलालांकडे; या जोडीच्या दोस्तीशिवाय ही लपवाछपवी साधली नसती, असे मला वाटते.

घरांत आधी लाकडी पट्टीवरून उघडी वायर धावे. बिघाड डोळ्यांना दिसे. आता भिंत फोडून पाइप पुरतात. विटामातीच्या जुन्या भिंतीला ते घाव सोसत नाहीत. तिथे फरशीलगतची रंगवलेली पट्टीच बरी. आणि पाइप पुरायचाच, तर विजेच्या तारेपासून वेगळा, अन् गिलाव्याआधी भिंतीचा फोटो काढून.