नवव्या चिपची गच्छंती

घरच्या कॉम्प्युटरला जास्तीची रॅम बसवली, दोन दिवस सगळं सुरळीत चाललं आणि मग मशीन बंद पडू लागलं. कधी फोटो उघडताना, कधी गेम खेळताना, तर कधी कुणी हातही लावलेला नसताना. निळा स्क्रीन दर वेळी वेगळंच कारण सांगतो. मग विंडोज पुन्हा टाकलं जातं, अँटिव्हायरस बदलला जातो. दुखणं तसंच राहतं. मशीनला स्वतःचा आजार सांगता येत नाही, हे त्याचं खरं कारण. एके काळी ते सांगता येत होतं.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत मेमरीच्या एका ओळीत आठ नव्हे, नऊ चिपा असत. बाइटचे आठ बिट आठ चिपांत जात आणि नवव्या चिपेतला बिट असा भरला जाई की एकूण 'एक'ची संख्या विषम यावी. वाचताना ती सम निघाली, की मशीन 'पॅरिटी चेक' असा संदेश देऊन जागच्या जागी थांबे. चूक दुरुस्त करणं त्याला जमत नसे, दोन बिट एकदम पलटले तर ते फसतही असे. पण बिघाड मेमरीत आहे एवढं मालकाला कळे.

ही खबरदारी अनाठायी नव्हती. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिलं होतं की चिपच्या वेष्टनात युरेनियम-थोरियमचे सूक्ष्म अंश असतात आणि त्यातून निघणारे अल्फा कण साठवलेला बिट पलटवू शकतात. चिप धडधाकट, आतली माहिती मात्र बदललेली!

१९९० च्या दशकात किमतींची चढाओढ लागली आणि घरगुती मशीनमधून नववी चिप गेली. सर्व्हरना चूक दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी मिळत राहिली. हा घरच्या ग्राहकावरचा अन्यायच होता. थोडे पैसे वाचले, पण आता पलटलेला बिट मुकाट्याने पुढे जाऊ लागला आणि भलत्याच प्रोग्रॅमवर आळ येऊ लागला.

त्याच सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन 'असेंबल' करून घेण्याची पद्धत रुजली. रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासायच्या, स्लॉट ब्रशने झाडायचा आणि रॅम 'खट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवायची, हा तिथला पहिला उपचार. पट्टीवर मळ साचल्याने संपर्क तुटत असेल, तर तो हमखास लागू पडतो. चिपेतच खोट असेल, तर नाही.

त्यासाठी १९९४ मध्ये ख्रिस ब्रेडी यांनी मेमटेस्ट८६ लिहिला. तो ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय सुरू होतो, त्यामुळे जवळजवळ सगळी मेमरी त्याच्या हाती येते. तो निरनिराळे नमुने लिहून परत वाचतो आणि फरक दिसला की नेमका पत्ता दाखवतो. काही दोष शेजारच्या पेशीत विशिष्ट आकडे असतानाच उघड होतात, म्हणून तो रात्रभर चालवायचा.

दोष दर वेळी रॅमचाच असतो असं नाही. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी एक प्रकरण सांगितलं. क्रॅशचे काही अहवाल अशा सूचनेवर थांबलेले होते, जी नुसती रजिस्टर शून्य करते आणि जिला चुकायला वावच नाही. चौकशीत त्यातली बरीच मशीन ओव्हरक्लॉक केलेली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेली, निघाली. काही मालकांना तर दुकानदाराने वेग वाढवून दिल्याचा पत्ताही नव्हता. २०११ मध्ये त्याच कंपनीच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख ग्राहकांच्या मशीनवरील नोंदी तपासल्या. हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा कोसळण्याची शक्यता शंभरपटीपर्यंत वाढलेली आढळली. ओव्हरक्लॉक केलेली मशीन जास्त बिघडत आणि वेग उतरवलेली कमी.

२०२० च्या डीडीआर-५ मानकात चिपच्या आतल्या चुका आतच सुधारण्याची सोय आली. चिपेपासून प्रोसेसरपर्यंतची वाट मात्र साध्या मशीनमध्ये अजून उघडीच आहे. म्हणून अपग्रेडनंतर मशीन कोसळू लागलं, तर आजही आधी बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंग बंद करून रॅम मूळ वेगावर आणायची, मग एकेक स्टिक वेगळी लावून रात्रभर तपासायची.