अर्ज, आवक नंबर आणि कचरा

कचरा पुरत नाही, ही आमच्या भागातली कचऱ्याबद्दलची जुनी तक्रार. पालघर, डहाणू, वसई हा मुलूख भातशेतीचा. रोपं टाकण्याआधी जमिनीवर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत थरावर थर रचून भाजायचं, म्हणजे राब करायचा. जंगल खात्याने फांद्या तोडायला आडकाठी केली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ साली जंगल कमिशन नेमावं लागलं. आमच्या आजीच्या वेळेपर्यंत उकिरड्यावरून भांडणं होत ती आमचं शेणखत कोणी नेलं यासाठी. चार म्हातारे बसायचे, संध्याकाळपर्यंत निकाल. कागद नाही, शेरा नाही.

मी सरावलीत राहतो. बोईसरच्या आसपास एका ग्रामपंचायतीत कारकून होतो, आवक-जावक माझ्याच टेबलावर. कुठली पंचायत ते सांगत नाही. पुढे लिहितोय ते अनेक पंचायतींना बसेल.

एमआयडीसी महामंडळ १९६२ साली स्थापन झालं. पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत बोईसरच्या आणि आसपासच्या गावांच्या जमिनींवर उभी राहिली. अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. कामगार आले, त्यांना राहायला जागा हवी होती. ज्याच्याकडे रस्त्यालगत चार गुंठे होते त्याने भात सोडला आणि खोल्या काढल्या. दहा खोल्यांची चाळ, दोन संडास, एक बोअरिंग. कचरा टाकायला मात्र कोणी कोपराही ठेवला नाही, कारण तोवर कचऱ्याला जागा लागते हे कोणाला माहीतच नव्हतं. तो शेतात जायचा. आता शेत राहिलं नाही, आणि दुधाची पिशवी राबात घालून चालत नाही.

कायदा पाहिला तर पंचायत कधीच मोकळी नव्हती. गावांच्या स्वच्छतेसाठी मुंबई इलाख्यात १८८९ सालीच वेगळा कायदा झाला होता. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने सफाई हे पंचायतीचं काम ठरवलं आणि केरकचरा हलवण्यासाठी सफाई कर बसवायची मुभाही दिली. घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कराशेजारी तो रकाना दिसतो. पण पावती फाडायची मालकाच्या नावाने आणि कचरा भाडेकरूचा. मालक म्हणायचा, भाडेकरू ऐकत नाहीत. भाडेकरू म्हणायचा, भाड्यात सगळं आलं.

अर्ज कसले यायचे? गाडी आली नाही. गाडी आली पण आमच्या गल्लीत वळली नाही. कुंडी आमच्या दारासमोरून हलवा. कुंडी हलवली, आता टाकायचं कुठे? शेवटचे दोन अर्ज एकाच माणसाचे असल्याचंही मी पाहिलंय. अर्ज आला की मी आवक नंबर टाकायचो, भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामविकास अधिकारी, कोपऱ्यात शेरा मारायचे: पाहणी करून अहवाल द्यावा. अहवाल द्यायला दुसरं कोण होतं? सफाई कामगारच. तो ट्रॅक्टर घेऊन जायचा, ढीग उचलायचा, आणि मी नंबरासमोर लिहायचो, 'तक्रार निकाली'. ढीग जायचा ओहोळाकाठी किंवा कोणाच्या पडीक वाडीच्या कडेला. महिना-दोन महिन्यांत त्या बाजूचा अर्ज यायचा. तक्रार मिटायची नाही, तिचा पत्ता तेवढा बदलायचा. हे करताना आम्हाला कधी लाज वाटली नाही, कारण कागद चोख होते.

हद्दीचं प्रकरण वेगळंच. कारखान्यांतला रस्ता एमआयडीसीचा, मोठा रस्ता बांधकाम खात्याचा, रुळालगतची पट्टी रेल्वेची, पलीकडे दुसरी पंचायत. अशा नाक्यावर पडलेला ढीग कोणाचा? मी लिहिलेल्या उत्तरांत सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य हेच: सदर जागा आमच्या हद्दीत येत नाही.

२००० साली आर. आर. पाटलांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं. ते खरं चांगलं होतं. लोक स्वतः झाडू घेऊन उतरले, गटारं उघडी झाली, बायका पुढे आल्या. पण तपासणी समितीची जीप येणार म्हटलं की आदल्या रात्री कचरा हद्दीपलीकडे जाई, हेही तितकंच खरं. शंभर उंबऱ्यांच्या गावाला जे जमलं ते चाळींच्या गावाला जमणं कठीणच होतं.

कारण तक्रार करायची हक्काची जागा ग्रामसभा, आणि ग्रामसभेचा सभासद कोण, तर ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे तो. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगाराचं नाव त्याच्या गावी. तो इथे वीस वर्षं कचरा करेल, त्याच्या दारात ढीग सडेल, पण सभेत त्याला मत नाही. ज्यांना आहे ते तरी कुठे येतात? गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांतला कमी आकडा पुरतो. तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग पंधरा-वीस डोकी गावचा कचरा ठरवतात.

वर दाद मागायची तर जिल्हा परिषद ठाण्याला. पहाटेची गाडी धरायची, दिवसाची मजुरी बुडवायची, तेही साहेब भेटले तर. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि बोईसर ते जिल्ह्याचं ठिकाण यांच्या मध्ये फक्त उमरोळी स्टेशन उरलं. माझ्या पाहण्यात त्यानंतर वरून येणारी 'खुलासा करावा' ची पत्रं वाढली. जिल्हा होण्याआधीच, एप्रिल २०१३ मध्ये, डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली होती. बोईसरला इमारती वाढल्या आणि आमचा एकच ट्रॅक्टर.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी एक मोठी गोष्ट केली. जनगणनेत ज्यांना शहर म्हटलंय पण जिथे अजून ग्रामपंचायतच आहे, अशा गावांनाही ते लागू केले. बोईसर त्यातलंच. ओला-सुका वेगळा करा, प्रक्रिया करा, उरेल तेवढंच पुरा. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आला, त्यातला मोठा हिस्सा पाणी-स्वच्छतेला बांधून दिलेला. घंटागाड्या आल्या, गाणी वाजू लागली. जागा कुठेय? इथली जमीन एमआयडीसीची, वन खात्याची, आदिवासींची, नाहीतर बिल्डरने बयाणा दिलेली. मुंबईने कचऱ्यासाठी देवनारची जागा १९२७ सालीच धरली. तिथे काय झालं ते जगाला माहीत आहे, पण निदान त्या कचऱ्याला पत्ता आहे.

सगळ्या नोकरीत ज्याच्याविरुद्ध एकही अर्ज माझ्याकडे आला नाही तो भंगारवाला. पुठ्ठा, बाटल्या, लोखंड तो पैसे देऊन नेतो, नाक्यावरच्या ढिगातून बायका-पोरं प्लास्टिक वेचून त्याच्या काट्यावर आणतात. पुण्यात अशाच कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. आमच्याकडे ही माणसं गावातला किती कचरा कमी करतात, याची नोंद मी कधी ठेवली नाही आणि मला कोणी मागितली नाही.

तुमच्या गावाला ग्रामसभा होईल तेव्हा गाडीची वेळ जरूर विचारा. त्याच दमात ती कुठल्या गट नंबरात रिकामी होते तेही विचारा, आणि मिळेल ते उत्तर इतिवृत्तात लिहिल्याशिवाय सही करू नका.